दोन लाख किलोमीटर पळालेली सिटी व्हीटेक घ्यावी का?

साताऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक (व्हॉल्व्हची उघडझाप आरपीएमप्रमाणे बदलणारी होंडाची यंत्रणा), ठाण्याचं पासिंग, तिसरा मालक, मीटरवर २ लाख १४ हजार किलोमीटर, मागणी २ लाख ४० हजार. रोजच्या वापराला घरात स्विफ्ट आहे. ही गाडी सुट्टीच्या दिवशी घाटात चालवायच्या हौसेपोटी घ्यायची आहे. एजंट म्हणतो इंजिन ‘कंपनी सील’ आहे, एकदाही खोललेलं नाही. तर किलोमीटर फार झालेत का, इंजिन खोलून काम करावं लागेल का आणि एवढे पैसे द्यावेत का?

किलोमीटरच्या आकड्याने मी घाबरत नाही. या इंजिनाला वेळेवर ऑइल मिळालं आणि ते कधी तापलं नाही, तर दोन लाख म्हणजे काही म्हातारपण नव्हे. मला धास्ती वाटते ती ऐंशी हजार दाखवणाऱ्या मीटरची आणि चार-चार वर्षं सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेल्या गाडीची. उभ्या गाडीत रबर कडक होतं, पेट्रोलच्या टाकीत पाणी धरतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात ते वेगळंच. चालती गाडी आपलं दुखणं दाखवते. उभी गाडी ते विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंत लपवून ठेवते.

‘कंपनी सील’चं कौतुकही मला पटत नाही. व्हॉल्व्हवाटे ऑइल आत उतरू न देणारे व्हॉल्व्ह सील रबराचे असतात. वीस-बावीस वर्षांत इंजिनाच्या उष्णतेने ते लाकडासारखे होतात. मागच्या मालकाने चांगल्या गॅरेजमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून सील आणि गॅस्केट बदललं असेल आणि त्याचं बिल हातात असेल, तर त्या गाडीला मी चार पैसे जास्त देईन. न खोललेलं इंजिन म्हणजे ते खोलायचं काम तुमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

आता ही गाडी खरोखर व्हीटेक आहे का, ते बघा. पहिल्या आकाराची सिटी भारतात १९९८ ला आली, १.३ आणि १.५ इंजिनांत. नंतर आलेल्या १.५ व्हीटेकला १०६ बीएचपी होती, तीही जेमतेम टनभर वजनाच्या गाडीला, म्हणून तर लोक अजून तिच्या मागे आहेत. साध्या १.५ ला १०० बीएचपी. कागदावर फरक फार नाही, पण वरच्या आरपीएमला गाडीचा स्वभाव वेगळा आहे. २००३ च्या अखेरीस आकार बदलला, आणि त्या नव्या सिटीतही पुढे व्हीटेक आली, पण ती १०० बीएचपीची आणि सर्वस्वी वेगळी गाडी. भाव मात्र १०६ वालीला जास्त, त्यामुळे साध्या १.५ ला डिकीवर व्हीटेकचा बॅज चिकटवून विकणारे आहेत. बॅज बघू नका, रॉकर कव्हरवरची (इंजिनावरच्या झाकणावरची) अक्षरंही बघू नका, दोन्ही बदलता येतात. बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाच्या) जवळ हेडला बसवलेला व्हीटेकचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, शोधा आणि आरसीवरचं मॉडेल वाचा. इंजिन नंबर ब्लॉकवर वाचून आरसीशी ताडून घ्या. या गाड्यांत बाहेरून आणलेली वापरलेली इंजिनं टाकण्याची टूम बरीच वर्षं चालली होती. इंजिन बदललं आणि आरसीवर नोंद नाही, तर पुढच्या पासिंगला तुम्ही अडकलात.

ठाणे पासिंग वाचल्यावर माझा पहिला प्रश्न: २६ जुलै २००५ ला ही गाडी कुठे उभी होती? त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई-ठाण्यातल्या त्या वयाच्या किती गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या, त्यांतल्या किती धुऊन-पुसून रस्त्यावर परत आल्या, याला गणती नाही. विकणाऱ्याला हे विचारून उपयोग नाही. तिसऱ्या मालकाला माहीतच नसणार. तुम्हीच शोधायचं. पुढच्या सीटखालचा कार्पेट कडेने उचला. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालच्या फ्यूज बॉक्समागची सॉकेटं, मागच्या सीटखालचे खाचखळगे, स्टेपनीचा खड्डा इथे टॉर्च मारून बघा. सुकलेल्या गाळाची बारीक पिवळट पावडर सॉकेटच्या आत सापडली, किंवा पिनांवर हिरवट बुरशी दिसली, तर किंमत कितीही खाली येवो, तिथून निघा. वायरिंगच्या दुखण्यावर पैसे ओतूनही गाडी भरवशाची होत नाही.

गंजाचंही तसंच. मागच्या चाकांच्या कमानी, जॅक लावायची जागा, स्टेपनीचा खड्डा, पुढे शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो त्या टोप्या आणि रेडिएटरची पट्टी, एवढं तरी बघायलाच हवं. एक छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्यावर पातळ कापडातून लावा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. दरवाजाला पुट्टी असली तर घासाघीस करा, शॉकच्या टोपीजवळ असली तर नको. खाडीकाठी वाढलेल्या गाडीपेक्षा नगर-नाशिककडची गाडी मी नेहमी आधी बघतो, ते एवढ्यासाठीच.

इंजिन बघायला सकाळी जा, आणि आधीच बजावून ठेवा की गाडी चालू करून ठेवायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन या किंवा दुसऱ्या दिवशी या. थंड असेल तर रेडिएटरची टोपी उघडून आत हिरवं-निळं कूलंट आहे की तांबूस पाणी, ते बघा. आपल्याकडे कित्येक गॅरेजवाले वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओततात. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये त्याने आतून खड्डे पडतात आणि रेडिएटर चोंदतो. मग एखाद्या मेमध्ये, एसी लावून, चढावर, काटा वर जातो आणि हेड वाकतं. ऑइलच्या टोपीखाली दुधाळ साय दिसली, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असलं, तर पुढे काही बघू नका, परत फिरा.

स्टार्ट करताना एकाने मागे उभं राहायचं. रात्रभर उभ्या गाडीतून पहिल्या क्षणी निळा धूर आला आणि गेला, म्हणजे व्हॉल्व्ह सील. उतारावर गिअरमध्ये सोडून, खाली आल्यावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर निळा फुगा आला, तरी तेच. चढावर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, आणि मग इंजिनाचं काम आलंच. सीलचं काम परवडतं, रिंगांचं हिशेबात धरायचं. नक्की काय ते कॉम्प्रेशन गेजने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरने, कळतं: इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती आहे याला मी जास्त महत्त्व देतो. दाबात दोन किलोपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. प्लग काढताना त्यांच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसेल कदाचित. त्याने घाबरू नका, रॉकर कव्हरखालचे ट्यूब सील गेलेत, स्वस्तातलं काम आहे.

विकणाऱ्याने तुम्हाला हे करू दिलं नाही तर? मग तो गाडी विकत नाहीये, नशीब विकतोय.

दोन दुखणी मात्र अशी आहेत की त्यांच्यापायी चांगल्या गाड्या भंगारात गेल्यात, आणि दोन्हींचा इलाज सोपा आहे. पहिलं मेन रिले, म्हणजे पेट्रोल पंपाला करंट देणारा स्विच. भर उन्हात गाडी तासभर उभी राहिली, आत भट्टी झाली, आणि आता सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाही. संध्याकाळी आपोआप सुरू होते. त्या काळच्या होंडांमध्ये डॅशखालच्या या रिलेतले सोल्डरचे टाके उष्णतेने तडकतात. किल्ली ‘ऑन’ करा, सेल्फ मारू नका. चेक इंजिनचा दिवा दोन सेकंद लागून विझायला हवा, आणि तेवढ्याच वेळात मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू यायला हवी. ती नाही आली तर संशय रिलेवर. टीव्ही दुरुस्तीवाला कारागीर टाके नव्याने मारून देतो. हे माहीत नसलेल्या गॅरेजमध्ये आधी पंप बदलतात, मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) ‘गेला’ म्हणून सांगतात, आणि मालक वैतागून गाडी विकतो. तुमच्यासमोर आलेल्या गाडीचा तिसरा मालक कशामुळे विकतोय, ते जरा या अंगाने विचारून बघा.

दुसरं डिस्ट्रिब्यूटर. यात ठिणगी पाडणारे कॉइल आणि इग्नायटर आतच असतात. गाडी गरम झाल्यावर चालता चालता बंद पडते. पंपाची घूं येते, पण करंट येत नाही. बंद पडायच्या आधी आरपीएमचा काटा झटका घेऊन शून्यावर आला असेल, तर हेच. आतलं बेअरिंग वाजायला लागलं तरी पुढचं भविष्य ठरलेलं आहे. याचे भाग मिळतात, पण घेताना चांगल्या बनावटीचे घ्या. स्वस्त इग्नायटर एका उन्हाळ्यात जातो.

आयडलिंग वर-खाली होत असेल तर सगळे थ्रॉटल बॉडी साफ करायला धावतात. आधी कूलंटची पातळी बघा. या इंजिनांचं थंड अवस्थेतलं आयडलिंग कूलंटच्या उष्णतेवर चालतं. सिस्टीममध्ये हवा शिरली की आरपीएम हजार-दोन हजार झोके घेत राहतो. हवा काढली की बरेचदा तिथेच मिटतं.

गाडी चालवून बघताना घाई करू नका. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या; थंड असताना ईसीयू व्हीटेक लावूच देत नाही. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला सुरुवातीपासून दाबत न्या. वरच्या आरपीएमला आवाजाचा पोत बदलतो आणि गाडी नव्याने ओढ घेते. ती ओढ आली नाही तर आधी डिपस्टिक बघा. व्हीटेक ऑइलच्या दाबावर चालतं, त्या दाबाने रॉकरमधली पिन सरकून रॉकर एकमेकांना जखडतात. ऑइल कमी किंवा सोलेनॉइडची जाळी चोंदलेली, तर पिन सरकतच नाही. या दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, पण ऑइल कमी ठेवून पळवलेलं इंजिन म्हणजे आत काय झालं असेल ते तुम्हीच समजा. वरच्या आरपीएमला दुसरा आणि तिसरा गिअर टाकून बघा. करकरला तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा) गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागणार. पूर्ण स्टीअरिंग वळवून हळू फिरवल्यावर टकटक आली तर सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणारा सांधा. खड्ड्यात दणका बसला तर सस्पेन्शनचे रबरी बुश, तो खर्च गृहीतच धरा.

कागदपत्रांकडे लोक शेवटी वळतात, मी म्हणतो टोकन देण्याआधी वळा. २००२ ची नोंदणी २०१७ ला संपली, मग पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. म्हणजे २०२२ ला झालं असायला हवं आणि २०२७ ला पुन्हा करावं लागणार. आरसीवर वैधतेची तारीख वाचा. नूतनीकरण बाकी असेल तर त्याशिवाय गाडी नावावर होणार नाही, आणि उशिराचा दंड महिन्यामागे चढतो. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या कारसाठी २०२५ मध्ये ती १०,००० केली. पर्यावरण कर त्याच्यावर. २००२ मध्ये कर्जावर घेतलेल्या गाडीवर त्या बँकेचा बोजा अजून तसाच असतो, कर्ज फिटून वीस वर्षं झालेली असली तरी. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी विकणाऱ्याने आणायची, तुम्ही नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याचीच हवी. एजंटकडे ‘आधीच सही केलेले’ फॉर्म असतात, त्यावर विसंबू नका, मालकाला प्रत्यक्ष भेटा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून थकलेली चलनं बघा. नवी सुरक्षित नंबर प्लेट लागलीय का तेही बघा.

दिल्लीहून अशाच गाड्या अगदी स्वस्तात इकडे येतात, कारण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. पत्रा सहसा चांगला असतो हे खरं. पण एनओसी, इथला कर आणि नवी नोंदणी हे सगळं धरल्यावर स्वस्तपणा बराच उरतोच असं नाही, आणि फेऱ्या मारायला वेळ लागतो तो निराळा.

आता किंमत. गाळ नाही, गंज नाही, कॉम्प्रेशन सारखं, कागद स्वच्छ आणि सर्व्हिसची बिलं हातात, असं असेल तर २ लाख ४० हजार मला जास्त वाटत नाहीत. गाळ किंवा शॉकच्या टोपीजवळ पुट्टी सापडली तर नकोच; बाकी एखादी गोष्ट कमी पडली तर तुम्ही दीड लाखाच्या आसपास बोलायला सुरुवात करा. आणि काहीही झालं तरी खरेदीच्या किमतीच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवा. ते नसतील तर ही गाडी सध्या घेऊ नका. घरात स्विफ्ट आहे म्हणून मी एवढं पुढे बोलतोय. एकुलती एक गाडी म्हणून कुणी विचारलं असतं तर सरळ नाही म्हणालो असतो. सिटी महिन्यात चार दिवस सुट्ट्या भागाची वाट बघत गॅरेजमध्ये उभी राहणार, हे गृहीत धरायचं.

घेतल्यावर पहिलं काम टायमिंग बेल्टचं, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवून व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या पट्ट्याचं. मागच्या मालकाने ‘मागच्याच वर्षी बदलला’ म्हटलं तरी बिल नसेल तर बदलाच. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला मारतं. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप आणि कॅम-क्रँकचे पुढचे ऑइल सील एकदमच बदला; वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो आणि मजुरी तीच. इथे मेकॅनिक कोण आहे ते महत्त्वाचं. ही जुनी होंडा इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. मारुतीवर हात बसलेला मुलगा सवयीने घड्याळाच्या दिशेने फिरवतो आणि बेल्ट ढिल्या बाजूला ताणून बसवतो. खुणा जुळवल्यावर टेन्शनर ढिला करून, क्रँक त्याच, घड्याळाच्या उलट दिशेने कॅम पुलीचे तीन दात फिरवायचा आणि मग टेन्शनर घट्ट करायचा, ही पद्धत त्याला माहीत आहे का, ते आधी सहज विचारून बघा. क्रँक पुलीचा बोल्ट या गाड्यांत भयंकर घट्ट असतो. छिन्नी-हातोडीने तो काढणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

मग ऑइल-फिल्टर, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं). टॅपेट गाडी पूर्ण थंड असताना करायची, सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाची गाडी लगेच खोलून नव्हे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे होज पण जुने असणारच, तेही उरकून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांवरचे टायर घेऊन घाटात उतरू नका. पुढे दर हजार किलोमीटरला डिपस्टिक बघायची सवय लावा. हजारी अर्धा लिटरपर्यंत ऑइल खात असेल तर मी टॉप-अप करून चालवत राहतो, इंजिन उघडायच्या भानगडीत पडत नाही.

ई२० पेट्रोलची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, भीती निम्मी खरी आहे. ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतो, अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. दुखणं आहे ते त्या काळच्या रबराचं. टाकीपासून इंजिनापर्यंतचे लवचिक पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घ्या, पेट्रोल फिल्टर बदला, आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका.

सुट्ट्या भागांसाठी आधी होंडाच्या काउंटरवर पार्ट नंबर देऊन विचारा. इंजिनाचे बरेच भाग अजून मिळून जातात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट ही नेहमीची ठिकाणं. हीच सिटी थायलंडमध्येही विकली जायची, त्यामुळे तिकडून भाग आणणारेही आहेत. दिवे, बंपर, काचा, आतलं प्लॅस्टिक मात्र दिवसेंदिवस दुर्मीळ होतंय. म्हणून दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर इंजिन थकलेली पण पत्रा-काचा शाबूत असलेली घ्या.

मोठा सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर लावायचा विचार पहिलं वर्ष बाजूला ठेवा. उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो, पिकअप उतरतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली पासिंगला प्रश्न विचारले जातात ते वेगळे. तेच पैसे चांगले शॉक, बुश आणि टायर यांवर घाला. घाटात गाडी त्यांनी पळते.

सौदा ठरला तर ठाण्याहून साताऱ्यापर्यंत गाडी चालवत आणू नका. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. बेल्ट कधीचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तो खंबाटकीत तुटला तर हेडचा खर्च फ्लॅटबेडच्या भाड्याच्या कैक पट होईल.